बागलाणला आणायला गेले तो दिवस

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी मनातल्या मनात वाद घालायची माझी सवयही मोडली. तरी आज लिहायला बसले, कारण काम तुमचंच आहे. आपल्या मंडळाचा स्नेहमेळावा ठरलाय, स्मरणिका निघणार आहे, आणि ‘मंडळाचा इतिहास व नामवंत सभासद’ हे प्रकरण समितीने माझ्या गळ्यात मारलं आहे. समिती म्हणजे कोण, तर मनमाड आणि पिंपळगाव. बाकीच्या सगळ्या फोनवर फुलं पाठवतात आणि हात जोडतात. मी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, म्हणजे मला वेळ रिकामा आणि शुद्धलेखन पक्कं, असा सगळ्यांचा समज आहे. शुद्धलेखनाचं खरं आहे. वेळ मात्र या दोन पानांनी पुरता खाल्ला.

सुरुवातीचा भाग भराभर झाला. कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या तीन खोल्या, आत बाहेरगावच्या बारा-चौदा मुली, एक मोठं स्वयंपाकघर, आणि शेजारच्या खोलीत तुम्ही. दिवसा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचात आणि संध्याकाळी पदर खोचून आमच्याबरोबर पोळ्या लाटायला बसायचात. मंडळाचा पहिला नियम मी तुमच्याच शब्दांत उतरवला आहे. आल्या दिवशी तुम्ही प्रत्येक मुलीला सांगायचात, “आडनाव दाराबाहेर ठेवायचं, चपलेसारखं. आडनाव कळलं की माणूस जात शोधायला लागतो. गाव कळलं तर फार तर एसटीची वेळ विचारतो.” म्हणून आम्ही एकमेकींना गावाच्या नावाने हाका मारत असू. ताटांवरही गावंच कोरलेली. मी दिंडोरी. सटाण्याची एक मुलगी आधीच होती, म्हणून त्या बाजूच्या खेड्यातून दुसरी आली तेव्हा तिला तालुक्याचं नाव मिळालं, बागलाण. साठी उलटलेल्या बायका अजूनही लग्नाकार्यात “अगं निफाड, इकडे ये” असं ओरडतात आणि आसपासचे लोक बघत राहतात.

नामवंतांची यादीही जमली. मनमाड रेल्वेत स्टेशनमास्तर होऊन निवृत्त झाली, त्या काळात बाईमाणसाला ती खुर्ची देताना लोक दोनदा विचार करत. पिंपळगावचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, आजही सीझनमध्ये तिला फोन केला तर “हां, बोल लवकर, कंटेनर लागलाय” एवढंच ऐकू येतं. निफाड डॉक्टर. येवला न्यायाधीश झाली आणि गेलीसुद्धा. आणि अकराव्या क्रमांकावर मी. माझ्या नावापुढे मनमाडने लिहून ठेवलंय, ‘आणायला जाण्याची परंपरा जिने पुढे नेली.’ तिथेच माझं घोडं अडलं.

कारण तो मंडळाचा दुसरा नियम. सुट्टीनंतर एखादी मुलगी परत आली नाही, तर आठ दिवस तिचं ताट पंगतीत मांडायचं आणि नवव्या दिवशी दोघींनी तिच्या गावी जाऊन तिला आणायचं. कसं आणायचं तेही तुम्ही शिकवलं होतं. बापाशी वाद घालायचा नाही. आधी प्यायला पाणी मागायचं, मग बसायचं, पीकपाण्याची चौकशी करायची, शिक्षणावर भाषण द्यायचं नाही, आणि मुलीची पिशवी बाहेर येईपर्यंत उठायचं नाही. “लोक तुमच्या मुद्द्याला नाही म्हणतील,” तुम्ही म्हणायचात, “घरात बसलेल्या पाहुण्याला किती वेळ नाही म्हणणार?” मी पुढे अशा चार मुली आणल्या, हे खरं आहे. पण पहिल्यांदा गेले ती बागलाणसाठी, आणि तिला नाही आणू शकले.

मी त्या वर्षी चिटणीस होते. चिटणीसाचं मुख्य काम टपाल वाटायचं. घरून येणाऱ्या पत्रांवर आडनावं असायचीच, त्यामुळे मंडळात सगळ्यांची आडनावं ठाऊक असणारी चिटणीस ही एकटीच मुलगी. मला त्याचा थोडा तोरा होता. पहिल्याच आठवड्यात मी जेवणघरात उभी राहून एका पत्रावरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं होतं. तुमच्या हातातलं लाटणं थांबलं. जेवणं झाल्यावर मला भांडी विसळायला बरोबर घेतलंत आणि म्हणालात, “टपाल तुझ्याकडे दिलंय ते तुला वाचता येतं म्हणून नाही. तोंड बंद ठेवता येईल म्हणून.” मी रडले. मग तुम्ही कढईतली उरलेली शेवभाजी मला पोळीवर घालून दिलीत. रागावल्यावर खायला घालायची तुमची ती रीत मी माझ्या मुलांवर आणि शाळेतल्या पोरींवर आयुष्यभर वापरली.

दिवाळीनंतर बागलाण आली नाही. नववा दिवस उजाडला तर मनमाड तापाने फणफणलेली, म्हणून मी एकटीच निघाले. तुम्ही नको म्हणत होतात, एक दिवस थांब म्हणालात, पण मला धीर नव्हता. एकोणीस वर्षांची मी, सटाण्याला उतरून पुढची गाडी पकडली, फाट्यावरून चालत घर शोधलं. अंगणात कांद्याचं रोप बांधायला बायका बसल्या आहेत. तिची आई उठून पुढे येते, मला वरपासून खालपर्यंत बघते. मी पाणी मागायला तोंड उघडते त्याच्या आधी ती विचारते, “तू कोनी पोर शे? आडनाव काय शे तुन्हं?”

बाई, मला फक्त ‘मी दिंडोरी’ म्हणायचं होतं. पण ती बाई दार अडवून उभी, सगळ्या बायकांचे हात थांबलेले, आणि परतीची शेवटची गाडी चारची. आमच्या घरी झेंडू आणि पालेभाज्यांचे वाफे, आमचं आडनाव ऐकून ती काय करील याची मला खात्री नव्हती. बागलाणचं आडनाव मात्र मला टपालावरून पाठ होतं, आणि त्यांच्या सोयरिकीत कोणती आडनावं चालतात हेही कळत होतं. त्यातलं एक मी माझं म्हणून सांगितलं. किती सोपं गेलं! आईचा चेहरा लगेच निवळला. ती मला हाताला धरून चुलीपाशी घेऊन गेली, कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला, कुठल्या घरातली, मामा कोण, हे विचारायला लागली, आणि मी एकामागून एक ठोकत गेले. मग तिने आवाज खाली आणला. मंडळातल्या जेवणाबद्दल गावातल्या कोणीतरी तिला काही सांगितलं होतं, त्यासाठीच मुलीला घरी ठेवलं होतं. “तू आपली पोर शे म्हनीसन इचारस. तठे सर्व्या पोरी एकाच पंगतमा जेवतस का वं?”

मी म्हणाले, “नाही हो. आपापल्या वेगळ्या बसतात.”

आणि मान वर केली तर मधल्या दारात बागलाण उभी. तिने किती ऐकलं होतं, ते तिच्या तोंडाकडे बघूनच समजलं. आई खुशीत उठली, म्हणाली, “मंग लई जाय तिले.” म्हणजे घेऊन जा. काम झालं होतं, बाई. आई तयार झाली होती. मुलीनेच माझ्याकडे बघत सांगितलं, “मी जाव नही.” आईने दोनदा विचारलं, रागावली, तिचं उत्तर तेच. मी चारची गाडी पकडून परत आले. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी उभ्या होतात. मी सांगितलं, घरचे नाही म्हणाले. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात, “पहिल्यांदा असंच होतं,” म्हणालात, आणि वहीत लिहिलंत, ‘बागलाण. घरच्यांचा विरोध.’ तेच वाक्य पुढच्या प्रत्येक अहवालात उतरत राहिलं. पदवी घेऊन निघाले तेव्हा तुम्ही मला तुमची कापडी पिशवी दिलीत, तुम्ही स्वतः मुली आणायला जाताना न्यायचात ती. मी ती एकदाही वापरली नाही. तुम्हाला वाटलं, जपून ठेवली.

त्यानंतर दर दिवाळीला तुमचं पत्र आलं की शेवटी एक ओळ असायची, बागलाणचं काही कळलं का? शेवटी शेवटी दवाखान्यात भेटायला आले, तेव्हा तुम्हाला माझं नाव आठवत नव्हतं. गावही आठवत नव्हतं. पण माझा हात धरून तुम्ही विचारलंत, “ती एक राहिली ना गं आणायची?” मी म्हणाले, “बाई, ती मजेत आहे.” तेही मला ठाऊक नव्हतं. ठोकून दिलं.

गेल्या आठवड्यात मनमाडच्या भाचीने बागलाणचा पत्ता शोधून काढला. सटाण्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी कोणालाही न सांगता गेले. काउंटरमागे डोक्यावर पदर, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, आणि समोर तिच्या अर्ध्या वयाचा एक शेतकरी तिला इंजिनाचा आवाज तोंडाने करून दाखवतोय. तिने ऐकून घेतलं, फळीवरून एक पुडकं काढलं आणि म्हणाली, “हे बसव. नाही बसलं तर मेकॅनिकले बदल.” मग माझ्याकडे बघितलं. चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाली, “दिंडोरी का वं तू?” बाई, मला भर दुकानात रडू कोसळलं. तिने मला आतल्या खोलीत नेलं, पंखा लावला, चहा टाकला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दुकान तिनेच चालवलं. दोन्ही सुनांना तिने लग्नानंतर कॉलेजात घातलं, एक आता शिक्षिका आहे. मी मध्येच म्हणाले, त्या दिवशीचं बोलायचंय. ती म्हणाली, “बोल ना मग, तेवढ्यासाठीच आली असशील.”

मी सगळं बोलले. ती ऐकत होती. नंतर म्हणाली, “मन्ही पिशवी भरेल व्हती, मी तयारच होते. आठ दिवस मी आईशी भांडत होते. आम्ही सगळ्या एका पंगतीतच जेवतो, आणि त्यात काही वाईट नाही, असं सांगत होते. दोनदा मार खाल्ला त्यापायी. आणि तू आली, आणि माझ्या आईसमोर मलेच खोटं पाडलं. तू तसं सांगितलं, तेव्हाच ते घरही तसलंच झालं, आणि तसल्या घरात मला यायचं नव्हतं. आमचं घर तसलंच होतं, मग तिकडे कशाला?” आवाज चढला नव्हता. मी म्हणाले, मी घाबरले होते. “ते दिसत होतं,” ती म्हणाली. “म्हणून तर आईला तुझं खरं आडनाव नाही सांगितलं. मला टपालाच्या पिशवीत तुझं पत्र दिसलं होतं एकदा. सांगितलं असतं तर तुला ताटावरून उठवलं असतं तिने.” मग बिस्किटं पुढे सरकवत तिने विचारलं, “बाईले कधी सांगेल व्हतं का तू?”

मी म्हणाले, बाईंना कधीच सांगितलं नाही. तिने उरलेला चहा बशीत ओतला. “बाई गेल्या तेव्हा मी आले होते,” ती म्हणाली. “मागे उभी होते. म्हणजे बाईंनी मला आडमुठ्या बापाची पोर समजूनच डोळे मिटले. बाप तर काही बोललाच नव्हता माझा, तो तेव्हा मळ्यात होता.” एवढं एकच तिला लागलं होतं, बाई. शिक्षण सुटलं त्याचं ती बोलली नाही. मेळाव्याला येशील का विचारलं तर म्हणाली, येते की, दुकान सून बघेल.

परत आल्यावर मी मजकुरातलं ‘घरच्यांचा विरोध’ हे वाक्य खोडलं. मनमाडला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “अगं, समारंभाची स्मरणिका आहे, कशाला उकरतेस? लोक काय वाचायला बसणारेत?” मी ऐकलं नाही. आता तिथे असं आहे: बागलाणच्या घरच्यांचा विरोध नव्हता, तिची आई पाठवायला तयार होती, तेव्हाच्या चिटणीस मुलीने स्वतःचं आडनाव आणि मंडळाची पंगत, दोन्हींबद्दल खोटं सांगितलं, म्हणून बागलाणने यायला नकार दिला. नामवंतांच्या यादीत बारावं नाव तिचं घातलंय. ते लिहून मला हलकं वाटलं, चहा करून प्यायले, स्वतःवर खूशही झाले.

मग सकाळी छापखान्यातून फोन आला. मुलगा विचारत होता, “मॅडम, प्रूफ फायनल करू ना? काही करेक्शन?” माझ्यासमोर तो कागद होता. ‘तेव्हाच्या चिटणीस मुलीने.’ त्या वर्षी चिटणीस कोण होतं, हे आज मनमाड आणि बागलाण सोडून कोणाच्याही लक्षात नाही, आणि त्या दोघी बोलणार नाहीत. अकराव्या क्रमांकावर ‘आणायला जाण्याची परंपरा जिने पुढे नेली’ ती मी तशीच आहे, फोटोसकट. मी त्याला म्हणाले, “करेक्शन नाही.” तो म्हणाला, दुपारी तीनला मशीनवर चढवतो, तोवर काही आठवलं तर कळवा.

फोन ठेवून हे लिहायला घेतलं. वाटलं, आधी तुम्हाला ‘मी’ म्हणून सांगता येतंय का बघावं. सांगून झालं. दोन वाजून गेलेत, बाई, आणि मी अजून फोन केलेला नाही.