आधी ड्रेन, मग नट

आप्पा, तुमच्यावर रागावून मी बावीस वर्षं काढली आणि आता तो राग कुठं नेऊन टाकायचा ते कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते. आता शिरूरच्या एका कॉलेजात अकरावीलाच गणित शिकवते. पोरं मला टरकून असतात. तुमची जीभ माझ्याकडं आली असं आई म्हणते, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाही.

दौंडला मामाकडं राहून मी शिकत होते ते दिवस तुम्हाला आठवत असतील. कारखान्याची सुट्टी गुरुवारी, म्हणून दर गुरुवारी तुम्ही कारेगावहून मोटरसायकलवर यायचात आणि चहा पिऊन झाला की मामाच्या घरातलं काहीतरी खोलून बसायचात. त्या गुरुवारी पाण्याची मोटर आहे. अंगणात पोतं अंथरलंय, काढलेला एकेक भाग तुम्ही त्यावर ओळीनं मांडताय, आणि मी उंबऱ्यात वही घेऊन रडकुंडीला आलेय. गणित साधंच होतं. एका संख्येला तिनानं गुणायचं, त्यात पाच मिळवायचे. आता आलेल्या उत्तरावरून मूळ संख्येकडं परत जायची रीत शोधा. यालाच व्यस्त फल म्हणतात, इन्व्हर्स. मी आधी तिनानं भागत होते आणि मग पाच वजा करत होते, त्यामुळं दोनाचे झालेले अकरा काही केल्या परत दोन होईनात. तुम्ही नववी नापास. वहीकडं बघितलंही नाहीत. शेवटी काय केलं व्हतं, एवढंच विचारलंत. पाच मिळवले, मी म्हटलं. "मंग आधी पाच काढ की. जे शेवटाला बसवलं ते पयलं निघतं." अकरातून पाच गेले, सहा राहिले, सहाला तिनानं भागलं, दोन आले. मी हसले तर डाफरलात. उलटं जाताना माणूस घाई करतो आन् तिथंच फसतो, म्हणालात, आणि पान्हा उचलून पुन्हा कामाला लागलात.

त्याच वर्षी थंडीत तुम्ही गेलात. कारखान्यात वाफेवर चालणारं ते मोठं भांडं होतं, घरच्या कुकरचा थोरला भाऊच. ते साफसफाईला उघडायचं तर आधी वाफेचा कॉक बंद करायचा, मग ड्रेनचा कॉक खोलून आत कोंडलेली वाफ बाहेर सोडायची, आणि सगळ्यात शेवटी झाकणाचे नट. तुम्ही नट सोडले तेव्हा आत वाफ होती. झाकण उडालं. पुण्याच्या दवाखान्यात तीन दिवस होतात, आणि मी तुम्हाला ओळखलं ते फक्त पायांवरून.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धविहारात तुमचे सुपरवायझर आले होते. दोन शब्द बोलले. माणूस कामाला वाघ, पण त्या दिवशी क्रम चुकला, ड्रेन न खोलताच त्यांनी नट सोडले, म्हणाले. माणसं पांगल्यावर तुमच्याबरोबरचा बिहारी वेल्डर आईसमोर येऊन बसला, पन्नाशीचा, हातात टोपी चुरगाळत. "भाभी, ड्रेन खुला था. मैंने देखा है." आईला हिंदी धड कळत नव्हती, तिनं माझ्याकडं बघितलं. आणि मी, दौंडच्या कॉलेजात गणितात पहिली आलेली तुमची लेक, त्या माणसाला म्हणाले, खुला होता तर वाफ निघून गेली असती, मग झाकण उडालं कसं? त्यानं टोपी डोक्यावर घातली, हात जोडले आणि गेला. सणसवाडीत खोली घेऊन राहायचा एवढंच माहीत. नाव विचारायचं मला सुचलं नाही. त्या दिवशी मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला होता, आप्पा. तेव्हापासून तुमची आठवण निघाली की आईचं एकच वाक्य. "समद्यांना शिकवलं आन् सवता चुकला."

आणि मी काय केलं? तुमचा दाखला केला. दरवर्षी व्यस्त फलाचा हा धडा आला की मी सांगते, एक फिटर होता, त्यानं ड्रेन न खोलताच नट सोडले, क्रम चुकवला आणि जिवानिशी गेला. माझे वडील होते हे कधी सांगितलं नाही. पोरांच्या ध्यानात राहतं. परवाही सांगितलं. त्याच तासाला त्याआधी संख्येचा वर्ग करायचं उदाहरण घेतलं होतं: उत्तर चार आलं तर मूळ संख्या दोनही असेल, उणे दोनही असेल, म्हणून तिथं परतीची वाट नसते. तर कारेगावची एक मुलगी उभी राहिली. तिची आई कामगारांची खानावळ चालवते. म्हणाली, "मॅडम, त्यानं ड्रेन खोलला असंल तर? आमच्या कुकरची शिट्टी उचलली तवा वाफ आलीच न्हाई. मम्मीला वाटलं संपली. भोकात डाळ अडकली व्हती." तिच्या आईचा गळा भाजलाय म्हणे, अजून डाग आहेत. "वाफ आली न्हाई म्हंजी आत वाफ न्हाईच, असं कसं धरायचं?"

मी फळ्याकडं बघितलं, मघाचे दोन आणि उणे दोन तिथंच होते. ड्रेन गाळानं बुजला असेल. तुम्ही तो खोलला असेल, काही आलं नाही, सगळं रिकामं झालंय असं वाटून नट सोडले असतील. किंवा खरंच चुकला असाल. उडालेल्या झाकणावरून मागं जाऊन हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि मी सतरा वर्षांच्या वयात ते छाती ठोकून सांगितलं, एका साक्षीदाराला गप्प बसवून. लाज वाटते मला. आणि परवा त्या मुलीला मी काय म्हणाले ते ऐका. हे परीक्षेला येत नाही, खाली बस, म्हणाले. ती बसली.

आत आई भाकरी थापतेय. आता तिला नीट दिसत नाही, तरी मला करू देत नाही. मघाशी पिठाच्या हातानं दारात आली, एवढं काय लिहितीस म्हणाली. पेपर तपासतेय, मी म्हटलं. नीट तपास बाई, लेकरांवर अन्याव नको करू, असं म्हणून परत गेली. हा कागदही त्याच गठ्ठ्यात खाली जाईल. तुम्ही चुकला नसालही, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं होतं, असं इथं लिहिणार होते. उघडलं नव्हतं, आप्पा.