गॅरेजमधलं रसायन

क्युपर्टिनो,
१७ ऑगस्ट १९८६

प्रिय एकनाथ,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिन्हींत एकच प्रश्न, परत कधी येतोस. तिकीट सप्टेंबरअखेरचं आहे, आणि शैलेंद्रला वाटतं मी इथेच राहावं. तो स्वतः बोललेला नाही. सूनबाईने, रुपालीने, एकदा भांडी पुसता पुसता सुचवलं तेवढंच. त्यावर नंतर येतो. आधी एक गुन्हा कळवतो.

माझा मुलगा गॅरेजमध्ये बिअर करतो. हसू नकोस. तू आणि मी दारूबंदी खात्यात उभा जन्म काढला, वर्ध्याचे नाले पालथे घालून हातभट्ट्या उकरल्या, आणि आता फौजदारच चोराच्या घरी मुक्कामाला. घरापुरती करायला इथे कायद्याने मुभा आहे, हे मी आधी विचारून घेतलं. सवय जात नाही.

मॉल्टचा पाक पाण्यात उकळायचा, त्यात हॉप्स नावाची कडू फुलं टाकायची, निवला की यीस्ट घालून झाकणबंद बादलीत ठेवायचा. झाकणातल्या नळीत पाणी असतं, त्यातून बुडबुडे निघत राहतात. थोडक्यात आपलं हातभट्टीचं रसायनच, नवसागर आणि मेलेल्या पाली वगळून. शैलेंद्र पडला कॉम्प्युटरवाला. आठवडाभर आंबवणं, पंधरवडा बाटलीत, की लगेच ऑफिसातल्या मित्रांना पार्टी, असं त्याने आधीच ठरवून टाकलेलं. आठवडा भरला तेव्हा मी बादलीला कान लावला आणि म्हटलं, आत अजून काम चालू आहे. तो म्हणाला, बाबा, शेड्यूल आहे, पार्टी कॅन्सल करता येत नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! बाटल्या भरल्या, बुचं ठोकली, आणि चार दिवसांनी आम्ही जेवत असताना गॅरेजमध्ये एकेक फुटू लागली. रुपालीला वाटलं गोळीबार झाला. पार्टी कॅन्सल झालीच.

तेव्हापासून मुहूर्त काढणं माझ्याकडे आलं. जप्त माल तपासायला आपण वापरायचो तो काचेचा तरंगता मापक आठवतो? तसलाच इथेही मिळतो. त्याचा आकडा दोन-तीन दिवस जागचा हलला नाही तरच भरायचं, असा नियम मी केला. शैलेंद्रच्या पुस्तकात पुढच्याच पानावर तेच लिहिलेलं निघालं, पण पान उलटायला वेळ कुणाला? गॅरेज दुपारी तापतं, म्हणून बादली घरात आणली, तिला ओला टॉवेल गुंडाळून पंखा लावला. वर्ध्याच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. भरताना थोडी साखर घालून बाटल्या आधी उबेत ठेवायच्या, म्हणजे वायू धरतो, आणि मग गारव्याला, म्हणजे चव बसते. आपण आयुष्यभर पिंपं उलटी करत आलो रे. आंबलेलं पुरतं होऊन निवळताना मी आत्ताच पाहिलं, या वयात. मला ते आवडलं.

शरयू होती तोवर आम्हा बापलेकांचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. ती गेल्यावर तो मला इकडे घेऊन आला, आणि पहिले दोन महिने आम्ही फक्त हवेवर बोललो. आता ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी विचारतो, बाबा, रीडिंग किती? मी सांगतो. मग तो तिथेच खाली बसतो आणि हळूहळू आईचा विषय निघतो. परवा तिच्या आठवणीने रडला. मला काय करावं कळेना, मी बादलीकडे बघत राहिलो.

गेल्या रविवारी त्याने नवी बादली लावली, पाक दुप्पट घालून. ही बिअर जड जातीची, लवकर उघडली तर घशाला जाळते, वर्षभर तरी बाटलीत मुरावी लागते. कधी उघडायची म्हणून विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, नेक्स्ट समर, बाबा, आणि तुम्ही वास घेतल्याशिवाय मी ओपन करणार नाही. मी थेंबालाही शिवत नाही, हे त्याला ठाऊक आहे. बापाला राहा म्हणायची त्याला एवढीच रीत जमली, आणि मला ती पुरली.

इतकं पाल्हाळ लावलं, कारण मुद्द्यावर यायला धीर होत नव्हता. माडीवरची खोली तू माझ्यासाठी रंगवून घेतल्याचं लिहिलंस. एकट्या पडलेल्या दोघांनी एका घरात राहायचं, सकाळचा चहा एकाने करायचा, संध्याकाळचा दुसऱ्याने, असं आपलं ठरलं होतं. मी तुला शब्द दिला होता आणि तो मोडतो आहे. तुला राग येईल, यायलाच हवा. शैलेंद्रला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं. माझी म्हणावी अशी माणसं आता तुम्ही दोघंच उरलात, एकनाथ, आणि होकार एकालाच देता येतो. पत्राला पंधरा दिवस लागतात, म्हणून आजच टाकतो. मला उतरवून घ्यायला वर्ध्याच्या स्टेशनवर येऊ नकोस. मी कळवलं नसतं, तर तू तासभर आधीच येऊन बसला असतास.

इतक्या लांबूनही तुझाच,
पुरुषोत्तम