गुडघा सरळ होईना

४ नोव्हेंबर
सोलापूरहून परंड्याला, घरी. ऑपरेशन झालं. मांडीमागचा स्नायूबंध काढून गुडघ्यात नवा लिगामेंट म्हणून बसवलाय. एसटीच्या पायरीवरून उतरताना पाय मुरगळला तेव्हापासून गुडघा मधेच सटकायचा. मी कंडक्टर, आणि मीच प्रवाशांच्या अंगावर पडायची. आता तरी थांबो. दुखण्याचा कंटाळा आलाच, 'कसं काय झालं' हे सांगण्याचा त्याहून जास्त.

९ नोव्हें.
सासूबाई दिवसभर माझ्याच मागे. गुडघ्याखाली मऊ उशी सारतात. "असाच वाकडा ठिव, कळ कमी येती." खरंच कमी येते. एवढं तर आईनंही केलं नसतं. व्यायाम उद्यापासून.

२४ नोव्हें.
बार्शीला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे. टाच टेबलावर, गुडघा मात्र वर अधांतरी. उशी कुठं ठेवता, म्हणाल्या. सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. उशी टाचेखाली पाहिजे, गुडघ्याखाली नाही! वाकलेलाच आखडलाय. सरळ नाही झाला तर परत भूल देऊन सरळ करायचा, आणि गाडीवर उभं राहणं विसरायचं. म्हणजे डेपोत टेबलावरचं काम. मला नाही बसायचं टेबलावर. सासूबाईंना कसं सांगू?

२५ नोव्हें.
ह्यांनीच सांगून टाकलं. जेवताना, तोंडावर. सासूबाई ताटावरून उठल्या. ह्यांचा इतका राग आला!

१ डिसें.
सासूबाई खोलीत येत नाहीत. चहा दारातूनच पुढं करतात. "आमाला काय कळतंय व्हय तुमच्या डाक्टरकीतलं." शेवटी त्यांनाच म्हटलं, आत्या, गुडघा वरून दाबायला माणूस लागतं, ह्यांच्याच्यानं होत नाही. आल्या. दाबता दाबता त्यांच्याच डोळ्यांत पाणी. "लई दुखतंय का गं?" दुखतंय, तुम्ही दाबा.

१९ जाने.
मॅडम म्हणतात, होईल. कधीपासून तेच, होईल. थकले. सासूबाई मात्र देवपूजा झाली की हजर, पदर खोचून. मी झोपेचं सोंग घेतलं तरी उठवतातच.

२७ फेब्रु.
बऱ्यापैकी सरळ झालाय म्हणे. उद्या सोलापूर, डॉक्टर ठरवणार, गाडी की टेबल.
आज न राहवून कुर्डुवाडीच्या गाडीत बसले. म्हणजे उभी राहिले. सीट रिकामी होती. आमच्याच डेपोचा कंडक्टर, "बसा की ताई." नको म्हटलं. सासूबाई शेजारी, पिशवी मांडीवर, नजर माझ्या पायावर. वळणावर गाडी चांगलीच कलली. पडले नाही. गुडघ्यानं धरलं की हातातल्या दांड्यानं, कळलं नाही.
सासूबाई म्हणाल्या, "उद्या डाक्टरला गुडघ्यानंच धरलं म्हनून सांग."
येताना दांडा सोडून बघणार होते. परंडा आलं तरी सोडला नाही.