एक मिलिमीटर

सोमवार, ३ मार्च
पहिला पॅनोरमिक कॅमेरा जुळवून झाला. एका लांबलचक निगेटिव्हवर अख्खी टेकडी मावते. कंपनी तीन माणसांची: डिझाइन माझं, ऑर्डरी दादाच्या, लेथ काकांचा. फोकस बघायची घासलेली काच मी स्वतः बसवली. तिथे चुकायला वावच नाही.

मंगळवार, ४ मार्च
लेन्स दूरच्या खुणेवर लावली. काचेवर समोरची पाण्याची टाकी धूसर. लेन्स एक मिलिमीटर पुढे ओढली की स्पष्ट. म्हणजे लेन्सची नळी काकांनी एक मिलिमीटर आखूड केली. काका म्हणाले, "पोरी, तीनदा मोजलीय. आधी एक रोल टाकून तर बघ." रोल कशाला वाया घालवायचा? काच खोटं बोलत नाही. मी रागावले नाही, आकडा सांगितला. दादा म्हणतो, कॅमेऱ्याला रंग द्यायला आलेल्या माणसासमोर सांगायला नको होता. आकडा सगळ्यांसमोर तोच असतो.

शुक्रवार, ७ मार्च
नवी नळी आली. काचेवर टाकी लख्ख. काका नुसतं "हं" म्हणाले. जुनी नळी भंगारात टाका म्हटलं, तर फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. हळवे आहेत.
संकल्प: रोज काकांशी एक चांगला शब्द. सोमवारपासून.

सोमवार, १० मार्च
रोल धुऊन आला. टाकी धूसर, आठ मीटरवरची कुंपणाची तार मात्र लख्ख. फिल्म सपाट बसत नसणार. ती दाबणारी पट्टी काकांचीच. बदलायला सांगितली. चांगला शब्द उद्यापासून.

बुधवार, १२ मार्च
तिसरी पट्टी. टाकी तशीच. काकांनी हात पुसले. म्हणाले, "इंजिनीअरबाई, आता तुम्हीच फिरवा लेथ." आणि गेले. 'पोरी'ची 'बाई' झाले, हे नोंदवून ठेवते. दादा म्हणाला, "असं काम करणारा दुसरा मिळाला नाही, तर दुकानाला कुलूप. कळतंय का?" कळतंय. काका शनिवारपर्यंत येतील.

शनिवार, १५ मार्च
आले नाहीत. तीन लेथवाल्यांना ड्रॉइंग दाखवलं. तिसरा म्हणाला, "ताई, हे सोनाराकडे न्या."

सोमवार, १७ मार्च
दादा काच पुसत होता. म्हणाला, "मॅडम, खरखरीत बाजू बाहेर कशी?" ती आत हवी, लेन्सकडे. काच उलटी होती, म्हणजे फोकस फिल्मच्या जागेच्या मिलिमीटरभर मागे दिसत होता. कोणी बसवली, हे त्याने विचारलं नाही. सुलटी केली. काकांची पहिली नळी लावली. रोल टाकला.

मंगळवार, १८ मार्च, सकाळी ११:२०
टाकीच्या शिडीच्या पायऱ्यासुद्धा मोजता येतात. एकोणीस.
काकांना फोन केला. काकूंनी उचलला. कोण बोलतंय म्हणून सांगू, विचारलं. मी कंपनीचं नाव सांगितलं. त्या आत जाऊन आल्या. म्हणाल्या, "ते म्हणतात, कंपनीचं त्यांच्याकडे काही राहिलेलं नाही."
मी म्हटलं, बरं.
चूक माझी होती, एवढंच सांगायचं होतं. काकूंनी विचारलं नाही.