मामांचं शून्य जोतिबाकडं

प्रिय मामा,

तुम्ही गेल्यावर पत्र लिहायचं सुचलंच नव्हतं. आज लिहितोय, कारण तुमच्या डब्याबद्दल एक प्रश्न पडलाय. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

गच्चीवरच्या खोलीतला तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा हो. आत तुम्ही जोडलेल्या वायरी, बाहेर गोल बटण. बटण फिरवलं की खांबावरची वायपरची मोटर घुं करून अँटेना वळवायची, आणि तुमच्या हॅम रेडिओवर कुठलातरी लांबचा माणूस बोलायला लागायचा.

गेल्या आठवड्यात मामी म्हणाली, "तू आज हितं गडमुडशिंगीत, उद्या कुठं! डब्याचं बटण फिरवायला ह्या गुडघ्यांनी मी जिना चढू व्हय? फिरत न्हाई ती वस्तू डोक्यावर कशाला? रविवारी वेल्डर येतोय. खांब कापायचा."

कापायचा? मग वाटलं, डब्यालाच नेटवर्क जोडलं तर? बोटभर सर्किट, राउटरपर्यंत वायर, की मी कुठंही असलो तरी अँटेना माझ्या फोनवरून फिरेल! मला हे येत होतं का? नाही. पण जोडून बघायला काय जातं!

वायर आणायला गेलतो, तो वाटेत गुऱ्हाळावर दोन दिवस रमलो. रागावू नका! नुसत्या बुडबुड्यांवरून गूळ झाला हे गुळव्याला कसं कळतं, बघायला नको?

शनिवारी जोडणी केली. कुठली वायर कशाची, एवढं तरी लिहून ठेवायचं होतं की, मामा! सकाळ त्यातच गेली. मग स्वयंपाकघरात बसून फोनवर नव्वद अंश टाकले. नव्वद म्हणजे पूर्व, म्हणजे कुरुंदवाड. वर मोटर घुं! अंगावर काटाच आला.

पण वर मोठ्यानं लावून ठेवलेल्या रेडिओवर नुसती खरखर. कुरुंदवाडहून तुमचे दोस्त आप्पा बोलून बोलून दमले आणि शेवटी त्यांनी फोन केला. "पावणं, अँटेना माझ्याकडं वळवलाय का चंद्राकडं?"

गच्चीवर पळालो. खरंच भलतीकडं तोंड! शून्य टाकलं, तर उत्तरेला थांबायचं सोडून अँटेना पार डावीकडं जाऊन थांबला. "शून्यच भलतीकडं!" म्हणून ओरडलो आणि सगळं उचकटणार, एवढ्यात मामी जिन्याखालून ओरडली, "अरं, त्यांचं शून्य म्हंजे जोतिबा! सकाळी पयलं तिकडं तोंड करायचं, चांगभलं म्हणायचं, मग काम!"

बघतो तर समोर जोतिबाचा डोंगर. तुमचं शून्य मी हलवलं नाही. प्रोग्राममध्ये तेवढा फरक धरला, आणि आप्पा खणखणीत आले.

प्रश्न हाच. सगळ्या जगाच्या दिशा उत्तरेपासून मोजलेल्या. मग तुम्ही दरवेळी मनात वजाबाकी करायचा, की डोंगर बघून नुसता अंदाज?

रविवारी मी मुद्दाम नृसिंहवाडीच्या घाटावर जाऊन बसलो. मामी फोन कानाला लावून अंगणात. मी अँटेना वळवला.

"फिरला की रं! थांब, परत फिरीव!"

मागून वेल्डर विचारत होता, "काकू, कापू न्हवं?"

"कापतोस व्हय? च्या पी आन जा!"

जरा वेळानं तीच म्हणाली, "दत्ता, वर काहीतरी कुरकुरतंय बघ." बेअरिंग कोरडं पडलंय, मामा. आणि ग्रीस काही नेटवर्कवरून लावता येत नाही.

तेव्हा शब्द देतो. कुठंही भटकत असलो तरी दर अमावस्येला घरी येईन, खांबावर चढेन, आणि मामीच्या हातचं जेवल्याशिवाय हलणार नाही.

तुमचा भाचा,
दत्ता