साडेतीनची मर्यादा

७ जानेवारी
लागली बाबा एकदाची नोकरी! धाकट्या बहिणीनेच चिकटवलं. ती याच प्रयोगशाळेत खाली कुप्या हाताळते, मी वर पडद्यासमोर. काम मजेचं आहे. पडद्यावर प्रोटीन रंगीत फितीसारखं दिसतं. कुठे जुन्या फोनच्या वायरीसारखा पीळ, कुठे चपटे बाण. दोन अणू साडेतीन अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधलं अंतर मोजायचं इवलंसं माप) मर्यादेत आले की कॉम्प्युटर त्यांच्यामध्ये ठिपक्यांची रेघ काढतो. तो हायड्रोजन बंध. पीळ त्याच्याच जिवावर टिकतो. पीळ शाबूत, तर कुपीला हिरवं लेबल. सुटलेला असेल तर लाल, आणि ती काचपेटीतच उघडायची, कारण सुटलेलं प्रोटीन चांगल्यालाही सोडवतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या! लाल कुपीने कापलं तर तासाच्या आत इंजेक्शन, नंतर देवही काही करू शकत नाही. दुपारी धाकटीने माझा अर्धा डबा पळवला.

१९ जानेवारी
एकशे बारा नंबरच्या कुपीत पीळ जागोजाग सुटलेत. साहेब म्हणाले, मर्यादा साडेचार कर आणि मग बघ. केली. ठिपकेच ठिपके, पीळ अगदी ठणठणीत. मी कुरकुरलो, तर त्यांनी गोड आवाजात विचारलं, की अजून कायम नाही झालास ना? हिरवं लेबल लावलं. सही माझी. शेपूट घातलं, दुसरं काय!

२ फेब्रुवारी
एकशे बारा धाकटीच्या टेबलावर तडकली. बोट कापलं. पट्टी मीच बांधली. वर मलाच चिडवत होती, की दादाच्या सहीची कुपी आहे, मला काय धाड भरतेय? मी हसलो. सांगायला तोंड उघडलं आणि पाणी प्यायलो. मग घड्याळाकडे बघत बसलो. तास गेला.

११ एप्रिल
तिचे हात थरथरतात. किल्ली कुलपात जात नाही. डॉक्टर थकवा म्हणतात. एकशे बाराचा राखून ठेवलेला नमुना परत साडेतीनवर लावून पाहिला. एक पीळ शिल्लक नाही. साहेब म्हणाले, फाईल पुढे गेली, आता उकरू नकोस.

३० एप्रिल
तिची बटणं मी लावतो. आज विचारत होती, आई कधी येणार. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. मेल्या, बोलला असतास तर—

६ मे
तिच्या प्रोटीनचा नमुना तपासायला आला. माझ्याचकडे. साडेतीनवर एकही ठिपका नाही. चार. नाही. साडेचार — दोन दिसले. पाच — आले, आले सगळे पीळ —

८ मे
हिरवं लेबल. सही. तिला नेऊन दाखवलं, बघ वेडे, काही झालेलं नाही तुला. ती मागे सरकली. विचारलं, तुम्ही कोण.

आता दाराकडे तोंड करून दादाला हाका मारतेय. अगं, मी इथेच — हातभर अंतरावर —

मर्यादा सहा केली तर कदाचित ती मला