बाकावरची एक जागा

९ सप्टेंबर, सकाळी ६
थंडर बेच्या आमच्या आइस हॉकी क्लबाचा निवड कॅम्प सुरू. पहिला गोलकीपर सँडबर्ग, त्याला कोण हात लावणार! दुसऱ्याची जागा दरवर्षीसारखी रिकामी आहे. काम काय, तर टोपी घालून बाकावर बसायचं, खेळाडूंना बर्फावर जायला-यायला दार उघडायचं आणि सँडबर्गला काही झालं तर उभं राहायचं. अकरा वर्षं हेच करतोय. माझ्याइतकं वेळेवर दार अख्ख्या लीगमध्ये कोणी उघडत नाही.
संकल्प: पहाटे पाचला स्ट्रेचिंग. गुलाबी साखरेचे तळलेले पर्शियन पाव बंद.

१० सप्टेंबर
साडेसातला उठलो. विश्रांती हाही व्यायामच.
स्पर्धेला केलन फ्रीसन, वय एकवीस. मला सर म्हणतो. दडपण आलं की गळपटेल.
केनोराहून बायकोचा, लॉर्नाचा फोन. म्हणाली, टॉड, हे शेवटचं वर्ष हं. जागा नाही मिळाली तर माझ्या बाबांच्या टायरच्या दुकानात यायचं, कबूल केलंयस. म्हटलं, अगं, प्रश्नच येत नाही. पोरींना घेऊन इकडेच या.

१४ सप्टेंबर
फ्रीसनने सत्तावीस शॉट अडवले. नशीब. मी चार गोल खाल्ले, पण चारही शॉट उत्तम होते. गुडघा कुरकुरतोय. पर्शियन दोन. औषध म्हणून.

१८ सप्टेंबर
सराव संपला. सँडबर्ग बर्फावरून उतरला, पाठोपाठ फ्रीसन. मला कोच ब्यूप्रे म्हणाले, तू थांब जरा, पोरांना अजून शॉट मारायचेत. पन्नास मिनिटं!
जो गोलकीपर बर्फावर शेवटी उरतो त्याचं काही खरं नाही, असं म्हणतात. मीच किती नवख्यांना हे सांगून घाबरवलंय. पण ते सामन्याच्या दिवशी. कॅम्पमध्ये अर्थ उलटा असतो. असणारच. कोचना मला तयार करायचंय.

२२ सप्टेंबर
सलग पाचव्या दिवशी शेवटी मीच. बर्फ गुळगुळीत करणारी गाडी घेऊन एर्की ताटकळला होता. ओरडला, उतर की रे बाबा, तुझ्याभोवती किती प्रदक्षिणा घालू? मग हळूच म्हणाला, अकरा वर्षं झाली, तुला कळत नाही होय? म्हटलं, काय? तो गाडी पुसायला लागला.

२५ सप्टेंबर
फ्रीसन जेवताना म्हणाला, सर, डावीकडे खाली आलेले शॉट सुटतात. अर्धा तास शिकवलं. हात पुढे, नजर शॉट मारणाऱ्याच्या काठीवर. बिचारा घरी जाणार, काहीतरी घेऊन जाऊ दे.

२८ सप्टेंबर
शेवटचा सराव सामना. डावीकडचा एकही शॉट फ्रीसनने सोडला नाही. मला शेवटची दहा मिनिटं. तीन गोल. बर्फ खराब होता.

३० सप्टेंबर, सकाळी ८
कोचनी ऑफिसात बोलावलंय. दाढी केली. नवा शर्ट.

दुपारी
कोचनी दार लावून घेतलं. म्हणाले, टॉड, तुझ्यासारखा माणूस मिळायचा नाही. तिथेच समजलो.
बाहेर फ्रीसन उभा होता, डोळे लाल. गळ्यात पडून म्हणाला, सर, तुमच्यामुळे झालं. म्हटलं, नजर काठीवर ठेव.

संध्याकाळी
लॉर्नाला फोन केला. म्हटलं, गुडघा दुखतो, पोरी मोठ्या होताहेत, म्हणून मीच सोडलं. ती म्हणाली, बरं केलंस. तिच्या मागे रेडिओवर आमच्या क्लबाच्याच निवडीच्या बातम्या चालू होत्या. तिने आवाज बारीक केला आणि विचारलं, जेवलास का?
म्हटलं, जेवलो नाही. मला काढलं.